पहिल्या कळपासाठी अंड्यांच्या कोंबड्या: जात निवडताना काय पाहावे

प्रश्न थोडक्यात असा आहे. चार माणसांचे कुटुंब आहे, घरामागे थोडी मोकळी जागा आहे आणि केवळ अंड्यांसाठी पाच-सहा कोंबड्या पाळायच्या आहेत. कोंबडा नको, घरात लहान मुले आहेत आणि यापूर्वी कधी कोंबडी पाळलेली नाही. जातींविषयी वाचताना जिथे तिथे ‘वर्षाला किती अंडी’ हाच आकडा पुढे येतो आणि त्यात व्हाइट लेगहॉर्न सगळ्यांच्या वर दिसते. तेव्हा सहाही लेगहॉर्नच घ्याव्यात का, असे विचारले आहे.

माझे उत्तर नकारार्थी आहे. लेगहॉर्न वाईट कोंबडी आहे म्हणून नव्हे, तर नवख्या माणसाला पहिल्या दोन-तीन वर्षांत ज्या अडचणी येतात त्यांतली एकही अडचण जातीचा वार्षिक अंड्यांचा आकडा कमी असल्यामुळे येत नाही म्हणून. अडचणी येतात त्या कुंपणावरून उडून जाणाऱ्या, हात लावू न देणाऱ्या, एकमेकींना टोचून रक्तबंबाळ करणाऱ्या किंवा तिसऱ्या वर्षी एकदम अंडी बंद करणाऱ्या कोंबड्यांमुळे. म्हणून माझा सल्ला असा की दोन तपकिरी संकरित कोंबड्या आणि त्यांच्या जोडीला ऑस्ट्रालॉर्प, ससेक्स किंवा प्लिमथ रॉक यांपैकी मध्यम वजनाच्या व शांत स्वभावाच्या तीन किंवा चार कोंबड्या घ्याव्यात. यामागची कारणे पुढे सविस्तर देतो, कारण तुमच्याकडचे हवामान किंवा जागा वेगळी असेल तर याच कारणांवरून तुम्हाला यादी बदलता आली पाहिजे.

प्रथम अंड्यांच्या आकड्याविषयी. कोंबडीच्या शरीरात एक अंडे पूर्ण तयार होण्यास साधारण २४ ते २६ तास लागतात आणि त्यातले सुमारे २० तास केवळ कवच चढण्यात जातात. त्यामुळे आज सकाळी सातला अंडे घातलेली कोंबडी उद्या आठच्या सुमारास घालते, परवा त्याहून उशिरा, आणि वेळ दुपारपर्यंत सरकली की मध्ये एक दिवस खाडा करून पुन्हा सकाळपासून क्रम सुरू करते. उत्तम कोंबडीही रोज अंडे देत नाही ते यामुळे. ऑस्ट्रेलियात १९२२-२३ मध्ये सहा ऑस्ट्रालॉर्प कोंबड्यांनी ३६५ दिवसांत मिळून १,८५७ अंडी दिली, म्हणजे प्रत्येकी सरासरी ३०९ हून थोडी अधिक, आणि याच जातीच्या एका कोंबडीच्या नावावर वर्षात ३६४ अंड्यांचा विक्रम आहे. परंतु असे आकडे अंडी-स्पर्धांसाठी पिढ्यान्‌पिढ्या निवड करून तयार केलेल्या कोंबड्यांचे असतात. घरामागच्या ऑस्ट्रालॉर्पकडून वर्षाला २०० ते २५० अंडी मिळाली तर ती कोंबडी आपले काम चोख करते आहे असे समजावे.

यातच निवडीचा सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत दुर्लक्षित मुद्दा दडलेला आहे, तो म्हणजे जातीच्या नावापेक्षा वंशावळ महत्त्वाची असते. एकाच नावाखाली दोन अगदी भिन्न कोंबड्या विकल्या जातात. प्रदर्शनासाठी जोपासलेल्या वंशात पिसांचा रंग, तुऱ्याचा आकार आणि अंगलट यांवर निवड झालेली असते आणि त्या ओघात अंडी मागे पडलेली असतात. उपयुक्ततेसाठी जोपासलेल्या वंशात नेमके उलटे घडलेले असते. ऱ्होड आयलंड रेडचे उदाहरण घ्या. प्रदर्शनातली ऱ्होड आयलंड रेड गडद, जवळजवळ काळपट तांबडी, लांब आणि विटेसारख्या चौकोनी बांध्याची असते, तर अंड्यांसाठी वाढवलेली त्याच नावाची कोंबडी अंगाने लहान, रंगाने फिकट विटकरी आणि अंड्यांना कितीतरी सरस असते. ऑर्पिंग्टनमध्ये हा फरक आणखी टोकाचा आहे. १८८६ मध्ये विल्यम कुक यांनी इंग्लंडमधील केंट परगण्यात ही जात मांस आणि अंडी या दोन्ही कामांसाठी तयार केली होती, पण आज प्रदर्शनात दिसणारी ऑर्पिंग्टन म्हणजे मुख्यतः पिसांचा मोठा गोळा असतो आणि तिच्याकडून भरघोस अंड्यांची अपेक्षा धरणे व्यर्थ आहे. म्हणून विकणाऱ्याला ‘ही कोणती जात’ एवढेच विचारून थांबू नये. ‘हिची आई वर्षाला किती अंडी द्यायची, किती आठवड्यांची असताना अंड्यावर आली, म्हणजे अंडी देऊ लागली, आणि दुसऱ्या वर्षी किती दिली’ हे विचारावे. ज्याला हे सांगता येत नाही त्याच्याकडे जातीचे नाव असते, वंशाची माहिती नसते.

आता गरजेचा हिशेब. चार माणसांच्या घराला आठवड्याला १५ अंडी लागतात असे धरू. वर्षाला ३०० अंडी देणाऱ्या तीन संकरित कोंबड्यांकडून आठवड्याला सरासरी १७ अंडी येतात. वर्षाला २०० देणाऱ्या पाच शुद्ध जातीच्या कोंबड्यांकडून १९ येतात. सहा लेगहॉर्न घेतल्या तर पहिल्या वर्षी आठवड्याला ३० हून अधिक अंडी येतील आणि ती वाटत फिरावे लागेल. मात्र सरासरी फसवी असते, हेही ध्यानात ठेवावे. दिवस लहान झाला की अंडी कमी होतात, कारण कोंबडीच्या शरीराला अंडी चालू ठेवण्यासाठी साधारण १४ ते १६ तासांचा उजेड लागतो. शिवाय वर्षातून एकदा पिसे झडून नवी येतात आणि त्या दोन-तीन महिन्यांत शरीरातली प्रथिने पिसांकडे वळत असल्याने बहुतेक कोंबड्या अंडी पूर्ण थांबवतात. या काळात घाबरून औषधे देणारे पुष्कळ जण पाहिले आहेत, वास्तविक कोंबडी ठणठणीत असते. पहिल्या वर्षानंतर दरवर्षी अंडी साधारण १० ते २० टक्क्यांनी घटतात आणि ही घट सर्व जातींत होते.

संकरित कोंबड्यांविषयी जरा विस्ताराने लिहितो, कारण त्यांच्याबाबत लोक एक तर भारावून बोलतात किंवा नाक मुरडतात. आयसा ब्राउन, लोहमान ब्राउन, हाय-लाइन ब्राउन ही व्यापारी नावे आहेत. त्या स्वतंत्र जाती नाहीत, तर निवडक वंशांच्या ठरावीक संकरातून दरवेळी नव्याने तयार होणाऱ्या कोंबड्या आहेत. त्या १८ ते २० आठवड्यांत अंड्यावर येतात, पहिल्या वर्षी ३०० च्या आसपास किंवा त्याहून अधिक तपकिरी अंडी देतात, दिवसाला साधारण ११० ते १२० ग्रॅम खाद्यात भागवतात आणि माणसाजवळ निर्धास्तपणे येतात. नवख्या माणसाला याहून सोपी कोंबडी मिळणे कठीण. पण तिचे शरीर एका वर्षात इतके काम करते की त्याची किंमत पुढे मोजावी लागते. प्रत्येक कवचात सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम असते आणि खाद्यातून ते पुरेसे मिळाले नाही तर कोंबडी आपल्या हाडांतून काढून देते. छातीच्या हाडाला चीर जाणे, अंडे आत अडकणे, अंड्याचा बलक पोटात सांडून तिथे जंतुसंसर्ग होणे, अंडमार्ग बाहेर येणे, अंडाशयाचा कर्करोग, हे विकार अशा कोंबड्यांत दुसऱ्या-तिसऱ्या वर्षापासून वारंवार दिसतात. मुलांनी नाव ठेवलेली कोंबडी तिसऱ्या वर्षी पोट फुगून मरते तेव्हा घरात जे होते त्याची तयारी आधी कोणी करून देत नाही, म्हणून येथे स्पष्ट लिहिले. आणखी एक गोष्ट म्हणजे संकरित कोंबडीची अंडी उबवून तिच्यासारखीच पिल्ले मिळत नाहीत. पुढच्या पिढीत गुण विखुरतात.

म्हणूनच मी सहाही संकरित घ्या असेही म्हणत नाही. दोन संकरित कोंबड्या पहिल्या काही महिन्यांतच अंडी देऊ लागतात, घरातला उत्साह टिकतो, आणि तोवर सावकाश वाढणाऱ्या शुद्ध जाती अंड्यावर येतात. संकरित कोंबड्या मंदावतील तेव्हा याच कोंबड्या घराची गरज भागवतात.

शुद्ध जातींपैकी ऑस्ट्रालॉर्प ही माझी पहिली पसंती. काळ्या ऑर्पिंग्टनवर ऑस्ट्रेलियात अंड्यांसाठी निवड होत होत ही जात तयार झाली. उन्हात तिच्या काळ्या पिसांवर हिरवट झाक दिसते, चाल संथ असते आणि मुलांनी उचलले तर ती फारशी धडपड करत नाही. खुडूक होण्याची, म्हणजे अंडी थांबवून उबवायला बसून राहण्याची, प्रवृत्ती थोडी असते, अडचण वाटावी इतकी नसते. तिचा दोष एकच, काळा रंग ऊन ओढून घेतो. त्यामुळे दुपारची दाट सावली नसेल तर ती हैराण होते.

ससेक्स ही इंग्लंडमधील जुनी जात असून तिचा पांढऱ्या अंगाचा आणि गळ्याभोवती काळी कंठी असलेला प्रकार, म्हणजे लाइट ससेक्स, अंड्यांसाठी अधिक प्रसिद्ध आहे. ती चौकस असते, माती उकरून किडे-गवत शोधण्यात तरबेज असते आणि वर्षाला २०० च्या आगेमागे अंडी देते. बंदिस्त जागेत भरपूर दाणे मिळाले तर तिच्या अंगावर चरबी चढते आणि अंडी घटतात, त्यामुळे वरखाऊ म्हणून टाकलेल्या दाण्यांवर हात आखडता ठेवावा. प्लिमथ रॉकचा पट्टेरी प्रकार अमेरिकेतला. पिसांवर आडवे करडे-पांढरे पट्टे, पिवळे पाय, शांत पण बावळट नसलेला स्वभाव आणि ससेक्सइतकीच अंडी, असे तिचे वर्णन करता येईल. या तिघींत निवड करताना अडून बसू नये. तुमच्या जवळपास ज्या जातीचा चांगला वंश मिळतो ती घ्यावी.

ऱ्होड आयलंड रेडची शिफारस सर्वत्र केली जाते आणि कोंबडी म्हणून ती खरोखर कणखर आहे. आजार, हवामान, खाण्यातली हयगय हे सारे ती इतर अनेक जातींपेक्षा जास्त सोसते. मग माझ्या पहिल्या यादीत ती का नाही? कारण मिश्र कळपात ती दादागिरी करते. सगळ्याच करतात असे नाही, पण खाद्याच्या भांड्याजवळ मऊ स्वभावाच्या कोंबडीला हाकलून देणारी कोंबडी बहुतेक वेळा तांबडीच असते. संपूर्ण कळप तिचाच ठेवायचा असेल तर ती उत्तम निवड आहे.

आता लेगहॉर्न. इटलीतल्या लिव्होर्नो बंदराच्या नावावरून तिला हे नाव मिळाले आणि पांढऱ्या अंड्यांचा व्यवसाय बहुतांशी तिच्या वंशावर उभा आहे. वजन २ किलोच्या आसपास, खाणे कमी, खुडूक होणे जवळजवळ नाहीच, आणि अंडी संकरित कोंबडीच्या तोडीची. मोठा एकेरी तुरा आणि हलके अंग यांमुळे ती उष्ण हवेत इतर बऱ्याच जातींपेक्षा सुखी असते. पण ती सदैव सावध असते. भांडे पडल्याच्या आवाजाने सगळा कळप एका कोपऱ्यात जाऊन आदळतो, कमरेइतके कुंपण तिला कुंपण वाटत नाही, आणि संध्याकाळी खुराड्यात जाण्याऐवजी झाडावर बसण्याकडे तिचा ओढा असतो. वरून जाळी असलेली बंदिस्त जागा, उष्ण हवामान आणि कोंबडीला हातात घेण्याची हौस नसणे, या तीन गोष्टी जुळत असतील तर मी स्वतःच लेगहॉर्न सुचवीन. लहान मुलांच्या घरी नाही.

हवामानाविषयी एक नियम लक्षात ठेवला की पुष्कळसे कोडे सुटते. कोंबडीला घामाच्या ग्रंथी नसतात. ती जास्तीची उष्णता तुऱ्यातून, गळ्याखाली लोंबणाऱ्या कातडीतून आणि धापा टाकून बाहेर घालवते. पारा ३० अंशांच्या वर गेला की धापांबरोबर शरीरातला कार्बन डायऑक्साइड नको तितका बाहेर जातो, रक्ताचे रासायनिक संतुलन बिघडते, आणि कवचासाठी लागणारे कार्बोनेट कमी पडून पातळ कवचाची अंडी येऊ लागतात. अशा वेळी कॅल्शियमसाठी दिला जाणारा शिंपल्यांचा चुरा वाढवून काम भागत नाही, सावली, वारा आणि थंड पाणी हाच उपाय. म्हणून उष्ण प्रदेशात हलक्या अंगाच्या, मोठ्या तुऱ्याच्या, तुरळक पिसांच्या जाती घ्याव्यात. उघड्या मानेच्या कोंबडीत एका जनुकामुळे मानेवर आणि अंगावरही पिसे कमी असतात. दिसायला ती कोणाला आवडत नाही, पण उकाड्यात तिची अंडी इतरांइतकी घटत नाहीत. इजिप्तमधील फायोमीही उष्णता व रोग दोन्ही चांगली सोसते आणि लवकर अंड्यावर येते, मात्र तिची अंडी लहान असतात आणि स्वभाव लेगहॉर्नहून रानटी असतो.

कडाक्याच्या थंडीत याच्या उलट. मोठा एकेरी तुरा हिमदंशाने काळा पडतो, म्हणून तिथे बसका, गुलाबाच्या पाकळ्यांसारखा दाट तुरा असलेली वायनडॉट किंवा कॅनडात मुद्दाम थंडीसाठी तयार केलेली, जवळजवळ तुराच नसलेली शँटेक्लेर बरी. वायनडॉट वर्षाला २०० च्या आत-बाहेर अंडी देते. थंडी नसेल तर तिच्या मागे लागण्याचे कारण नाही.

काही जाती पहिल्या वर्षी टाळाव्यात असे मी स्पष्ट सांगतो. ब्रह्मा आणि कोचीन अंगाने भारी, पायांवर पिसे असलेल्या. चिखलात ती पिसे भिजून लडबडतात, पायाच्या खवल्यांखाली सूक्ष्म किडे शिरतात आणि नवख्याच्या ते लवकर लक्षात येत नाही. शिवाय त्या उशिरा अंड्यावर येतात आणि खातात भरपूर. मध्यम हलक्या कोंबडीला दिवसाला ११० ग्रॅम आणि भारी कोंबडीला १४० ग्रॅम खाद्य धरले तर सहा कोंबड्यांमागे वर्षाला सुमारे ६५ किलोंचा फरक पडतो, आणि तोही कमी अंड्यांसाठी. मोठी शेंडी असलेल्या पोलिश कोंबडीला पुढचे धड दिसत नाही, त्यामुळे ती दचकते आणि इतरजणी तिची शेंडी उपटतात. सिल्कीची पिसे लोकरीसारखी असल्याने पाणी निथळत नाही, ती पावसात भिजून गारठते, आणि वर्षातला बराच काळ खुडूक असते. असील झुंजीसाठी घडवलेली जात आहे, दोन माद्याही एकमेकींना जखमी करतात. कडकनाथच्या काळ्या मांसाचे आणि कणखरपणाचे कौतुक योग्य आहे, पण अंड्यांसाठी निवडावी अशी ती कोंबडी नाही, कारण वर्षाकाठी शंभराच्या आसपासच अंडी मिळतात.

खुडूकपणाचा उल्लेख वर आला आहे, त्याविषयी थोडे. खुडूक कोंबडी अंडी घालण्याच्या पेटीतून उठत नाही, हात नेला की पिसे फुलवून चोच मारते आणि अंडी थांबवते. कोंबडा नसल्याने अंडी निर्जीव असतात, पण तिला ते कळत नाही. उबवणीचे २१ दिवस उलटून गेले तरी ती बसूनच राहते आणि वाळत जाते. तिला तळाला जाळी असलेल्या, खालून वारा लागेल अशा पिंजऱ्यात अन्नपाण्यासह तीन-चार दिवस ठेवले की पोटाची ऊब उतरते आणि खुडूक बहुधा मोडते. ज्याला पुढे पिल्ले काढायची आहेत त्याच्यासाठी मात्र अशी एखादी कोंबडी रवणीला, म्हणजे अंडी उबवायला, उपयोगी पडते, त्यामुळे हा गुण की दोष हे तुमच्या बेतावर ठरते.

रंगीत अंड्यांची हौस असणाऱ्यांसाठीही दोन शब्द. कवचाच्या रंगाचा अंड्याच्या पोषणमूल्याशी संबंध नाही. तपकिरी रंग शेवटच्या काही तासांत कवचाच्या वर चढतो, म्हणून तपकिरी अंडे फोडून पाहिले तर आतून कवच पांढरेच दिसते. निळा रंग कवचभर मुरलेला असतो, तो आतूनही निळाच दिसतो. निळ्या अंड्यांची मूळची आराउकाना चिलीतली. तिच्या कानाजवळ पिसांचे झुबके आणणारे जनुक आईबापांकडून दुहेरी आले तर पिल्लू अंड्यातच मरते, त्यामुळे ती पैदास नवख्याने करू नये. निळी अंडी हवीच असतील तर क्रीम लेगबार घ्यावी, तिची अंडी पुरेशी असतात आणि एक दिवसाच्या पिल्लाच्या रंगावरून नर-मादी ओळखता येते. गडद चॉकलेटी अंड्यांची फ्रान्समधील मॅरान्स वर्षाला साधारण १५० ते २०० अंडी देते आणि अंड्यांचा हंगाम पुढे सरकतो तसा रंग फिका होत जातो. अशी एखादी कोंबडी कळपात असायला हरकत नाही, सारा कळप मात्र तिच्यावर बेतू नये.

नर-मादीचा प्रश्न तुमच्यासाठी महत्त्वाचा आहे, कारण कोंबडा नको आहे. लिंग न तपासलेली सहा पिल्ले आणली तर सहाही माद्या निघण्याची शक्यता ६४ मध्ये एक असते. लिंग ठरवून दिलेल्या पिल्लांतही एखादा नर निसटतोच. रंगावरून ओळखता येणाऱ्या संकरात ही चूक जवळजवळ होत नाही. ऱ्होड आयलंड रेड कोंबडा आणि लाइट ससेक्स कोंबडी यांच्या संकरात माद्या तांबूस तपकिरी आणि नर फिकट पिवळसर-पांढरे जन्मतात. तोच कोंबडा आणि पट्टेरी प्लिमथ रॉक कोंबडी यांच्या संकरात नराच्या डोक्यावर पांढरा ठिपका असतो, मादीच्या नसतो. हे दुसऱ्या पिढीत चालत नाही, एवढे विसरू नये. अंड्यांसाठी कोंबड्याची गरज नसते, हेही येथेच सांगून टाकतो.

तरीही माझा आग्रह पिल्लांऐवजी १६ ते १८ आठवड्यांच्या तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या, घेण्याचा आहे. पिल्ले वाढवण्यात कृत्रिम उबेचे आणि रक्ती हगवणीचे दोन धोके आहेत, आणि पहिल्याच वर्षी ते पत्करण्याची गरज नाही. तलंगा घेताना मरेक आणि मानमोडी या रोगांच्या लसी झाल्या आहेत का, हे विचारून घ्यावे. मरेकची लस पिल्लू एक दिवसाचे असतानाच द्यायची असते, नंतर देऊन तिचा फारसा उपयोग होत नाही. सगळ्या तलंगा शक्यतो एकाच ठिकाणाहून आणि एकाच दिवशी आणाव्यात. वेगवेगळ्या ठिकाणच्या आणल्या तर रोग एकीचा दुसरीला लागतो, आणि एकेक करून आणल्या तर प्रत्येक नव्या कोंबडीगणिक टोचाटोची पहिल्यापासून सुरू होते. पुढे संख्या वाढवायची झाल्यास एकटी कोंबडी कधीच आणू नये. दोन तरी आणाव्यात, तीन-चार आठवडे वेगळ्या ठेवाव्यात आणि मग जाळीच्या आडून काही दिवस तोंडओळख करून सोडाव्यात. दर दीड-दोन वर्षांनी दोन नव्या तलंगा घालत राहिल्यास कळपात नेहमी वेगवेगळ्या वयाच्या कोंबड्या राहतात आणि अंडी एकदम बंद पडण्याची वेळ येत नाही.

मिश्र कळपात जाती निवडताना वजन आणि स्वभाव जुळते ठेवावेत. मी सुचवलेल्या जाती एकमेकींत सहसा नांदतात. लेगहॉर्नबरोबर सिल्की किंवा ऱ्होड आयलंड रेडबरोबर ऑर्पिंग्टन ठेवली की दुबळी बाजू उपाशी राहते. जागा कमी असेल तर कोणतीही जात भांडकुदळ होते. खुराड्यात प्रत्येकीला किमान चार चौरस फूट, बाहेर आठ-दहा चौरस फूट, बसायच्या दांडीवर वीतभर जागा आणि चार-पाच कोंबड्यांमागे अंडी घालण्याची एक पेटी, एवढे नसेल तर जात बदलून काही साधणार नाही, कोंबड्यांची संख्या कमी करावी.

खाद्याच्या बाबतीत जातीजातीत फार भेद करण्याचे कारण नाही. अंड्यावर आलेल्या कोंबडीला १६ ते १८ टक्के प्रथिने आणि साडेतीन ते चार टक्के कॅल्शियम असलेले लेयर खाद्य, शिवाय वेगळ्या भांड्यात शिंपल्यांचा चुरा. अंड्यावर न आलेल्या तलंगांना हे खाद्य लवकर सुरू करू नये, जादा कॅल्शियमने त्यांच्या मूत्रपिंडांवर ताण येतो. तुमच्या दोन संकरित कोंबड्या आधी अंड्यावर येतील आणि ऑस्ट्रालॉर्प किंवा ससेक्स महिना-दीड महिना मागून, तेव्हा या मधल्या काळात सगळ्यांना वाढीचे खाद्य आणि चुरा वेगळा ठेवणे हा सोपा मार्ग. ज्यांना गरज आहे त्या चुऱ्याकडे आपणहून वळतात.

शेवटी खरेदीच्या वेळची पारख. तलंग म्हणून जुनी कोंबडी गळ्यात मारली जाते, हा प्रकार सर्रास घडतो. पिवळ्या पायांच्या जातींत, म्हणजे लेगहॉर्न, प्लिमथ रॉक, ऱ्होड आयलंड रेड आणि बहुतेक तपकिरी संकरितांत, ही फसवणूक पायांवरून पकडता येते. कोंबडी अंड्यावर आली की खाद्यातला पिवळा रंग कातडीऐवजी बलकात जाऊ लागतो आणि अंग ठरावीक क्रमाने फिके पडत जाते. प्रथम अंडे बाहेर येते तिथली कातडी, मग डोळ्याभोवतीची कडा, मग चोच बुडापासून टोकाकडे, आणि सर्वांत शेवटी, कित्येक महिन्यांनी, पाय. अंडी न घातलेल्या तलंगीचे पाय आणि चोच गर्द पिवळी असतात, तुरा लहान व फिका असतो, पायाचे खवले गुळगुळीत असतात. पाय पांढुरके, खवले खरखरीत आणि नखे झिजलेली असतील तर ती कोंबडी पुष्कळ अंडी घालून बसलेली आहे. त्यानंतर शेपटाखाली दोन्ही बाजूंना जाणवणाऱ्या हाडांच्या टोकांमध्ये बोट ठेवून पाहावे. तलंगीत जेमतेम एक बोट मावते, अंड्यावर असलेल्या कोंबडीत दोन-तीन बोटे सहज मावतात. ऑस्ट्रालॉर्प आणि ससेक्स यांची कातडी मुळातच पांढरी असल्याने त्यांच्या पायांच्या रंगावरून काही ठरत नाही, तिथे खवले, तुरा आणि हाडांमधले अंतर यांवरच भिस्त ठेवावी.